एचपीजीई डिटेक्टर: नायट्रोजन जास्त लागतोय, रिझोल्यूशन घसरतंय. बिघाड आधी कळेल का?

किनारपट्टी_लॅब (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अन्न आणि पाण्याच्या नमुन्यांच्या गॅमा स्पेक्ट्रोमेट्रीसाठी आमच्याकडे दोन अतिशुद्ध जर्मेनियमचे (एचपीजीई) डिटेक्टर आहेत.

पहिला पी-टाइप कोअ‍ॅक्शियल, ३० टक्के सापेक्ष कार्यक्षमतेचा, ३० लिटरच्या ड्युअरवर (द्रव नायट्रोजनच्या निर्वात-भिंतींच्या भांड्यावर) उभा. ड्युअरखाली वजनकाटा आहे. फेब्रुवारीत दिवसाला १.० किलो नायट्रोजन उडत होता, आता १.३ किलो उडतो. याच काळात कोबाल्ट-५७ च्या १२२ केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी (एफडब्ल्यूएचएम, म्हणजेच रिझोल्यूशन) ०.८६ केईव्हीवरून ०.९७ वर गेली, आणि कोबाल्ट-६० च्या १३३२ केईव्हीची १.८२ वरून १.८७ वर. शेपिंग टाइम (पल्सला आकार द्यायला घेतलेला वेळ) ६ मायक्रोसेकंद, बायस (स्फटिकावरचं उच्च व्होल्टेज) ३००० व्होल्ट.

दुसरा इलेक्ट्रिक कूलरवर चालतो, स्टर्लिंग प्रकारचा. कोल्ड टिपचं (कूलरच्या थंड टोकाचं) तापमान जागचं हललेलं नाही, पण कंट्रोलरचा ड्राइव्ह (कूलरला लावलेला जोर) ६१ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आलाय.

एक विक्रेता एआय-आधारित प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्सचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागलाय. घ्यावं का? की हातातल्या आकड्यांवरूनच अंदाज बांधता येईल? बायस चढवून ठेवावा की उतरवावा, हेही सांगा.

सत्त्याहत्तर_केल्विन

पॅकेज राहू द्या. दोन डिटेक्टर आणि नोंदलेले बिघाड शून्य, एवढ्यावर कुठलंही मॉडेल काही शिकणार नाही. तुमचा वजनकाटा त्याहून कामाचा आहे.

आधी रुंदीचं गणित. वाढीव गोंगाट (इलेक्ट्रॉनिक नॉइज) वर्गाने मिळवायचा असतो. १२२ ला ०.९७ च्या वर्गातून ०.८६ चा वर्ग वजा केला की ०.२० उरतात, त्याचं वर्गमूळ म्हणजे ०.४५ केईव्ही नवा गोंगाट. तोच १३३२ च्या जुन्या १.८२ मध्ये वर्गाने मिळवून बघा: १.८७ येतात. तुमचा आकडा तोच आहे. दोन्ही ऊर्जांना सारखाच गोंगाट चढलाय, तेव्हा स्फटिकातल्या चार्ज कलेक्शनचं हे दुखणं नव्हे. ते असतं तर १३३२ जास्त बिघडलं असतं आणि शिखराला डावीकडे शेपूट आली असती. खात्रीसाठी दहांश उंचीवरची रुंदी भागिले अर्ध्या उंचीवरची रुंदी काढा. आदर्श गाऊसियनला १.८२ येतात, १.९ पर्यंत चालतं.

मग हा गोंगाट कुठून आला? प्रीअ‍ॅम्पच्या टेस्ट पॉइंटवर (डिटेक्टरलगतच्या प्रवर्धकाच्या चाचणी टोकावर) मल्टिमीटर लावा. रेझिस्टिव्ह फीडबॅक असेल आणि रेझिस्टर २ गिगाओहमचा असेल, तर बायस चढवल्यावर व्होल्टेज जितका सरकतो, भागिले २ गिगाओहम, तेवढा लीकेज करंट (बायसमुळे स्फटिकातून झिरपणारा प्रवाह). ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे ५० पिकोअँपिअर, आणि ६ मायक्रोसेकंदांना एवढ्यानेच साधारण ०.४ केईव्ही गोंगाट येतो. तुमच्याकडे तेवढाच शोधायचाय. बायस ५०० च्या पायऱ्यांनी चढवत प्रत्येक पायरीचं वाचन लिहा. करंट पहिल्या पायरीपासून हळूहळू वाढत असेल तर स्फटिकाच्या पृष्ठभागावर काहीतरी बसलंय. शेवटच्या ३००-४०० व्होल्टमध्येच उसळत असेल तर बायस थोडा उतरवून काम चालतं, मात्र कार्यक्षमतेचं कॅलिब्रेशन नव्याने करावं लागतं. ट्रान्झिस्टर रीसेट प्रकारचा प्रीअ‍ॅम्प असेल तर सोर्स दूर ठेवून मिनिटाला किती रीसेट होतात ते मोजा. लीकेज वाढलं की तो आकडा वाढतो.

आता नायट्रोजन. घनता लिटरला ०.८०८ किलो धरली तर तुम्ही १.२४ लिटरवरून १.६१ लिटरवर आलात. हा आकडा एकटा फसवतो, कारण निर्वात पोकळ्या दोन असतात, एक ड्युअरची आणि एक क्रायोस्टॅटची (स्फटिक ज्यात बसवलेला असतो त्या घराची). ड्युअरच्या बाहेरच्या भिंतीला घाम असेल तर ड्युअर गेलाय, तो बदलला की काम झालं. एंडकॅपला (स्फटिकावरच्या टोपीला) किंवा प्रीअ‍ॅम्पच्या घराला घाम असेल तर क्रायोस्टॅट. पावसाळ्यात मानेला थोडा दमटपणा येतोच, त्याने घाबरू नका. नायट्रोजन आणि लीकेज दोन्ही एकदम वाढणं हे क्रायोस्टॅटकडे बोट दाखवतं.

वजनातली एक मेख आधी तपासा. डिटेक्टरची मान शिल्डच्या (भोवतालच्या शिशाच्या कवचाच्या) तळाच्या भोकातून वर जाते. ती शिशाच्या प्लगला टेकली, किंवा केबल ताणलेली असली, की थोडं वजन शिल्ड उचलते आणि काटा खोटं बोलतो. मानेभोवती सगळीकडून पोस्टकार्ड अडखळल्याशिवाय फिरलं पाहिजे. भरल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांचं वाचन हिशेबात धरू नका.

पल्सर

वरच्याला माझी जोड. नुसत्या गोंगाटावरून निर्वाताला दोष देण्याआधी ड्युअरमधला बर्फ बघा. प्रत्येक भरणीला हवेतली ओल आत जाते आणि वर्षभरात तळाशी बर्फाचा चुरा साठतो. तो उकळत्या नायट्रोजनमध्ये खडखडतो आणि मायक्रोफोनिक्स होतं, म्हणजे ती कंपनं सिग्नलमध्ये गोंगाट बनून येतात. ओळखायचं असं: पल्सरचं (ठराविक उंचीचे चाचणी पल्स देणाऱ्या उपकरणाचं) शिखर ६ मायक्रोसेकंदांना रुंद असून शेपिंग कमी केल्यावर सुधारलं, पण टेस्ट पॉइंट जागचा हलला नाही, तर बर्फ. सुधारलं आणि टेस्ट पॉइंटही सरकलेला असेल, तर लीकेज. वर्षातून एकदा ड्युअर रिकामा करून पूर्ण वाळवा.

बायसच्या एसएचव्ही (उच्च व्होल्टेजच्या) कनेक्टरमधला ओलावाही अधूनमधून ठिणग्या टाकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा.

किनारपट्टी_लॅब

मोजलं. पोस्टकार्ड सगळीकडून फिरलं. टेस्ट पॉइंट ०.११ व्होल्टने सरकलाय, आणि पहिल्या पायरीपासूनच. ड्युअर कोरडा आहे, पण एंडकॅपच्या खालच्या कडेला सकाळी बोट लावलं तर ओलं लागतं. जूनमध्ये नायट्रोजन एकदा उशिरा आला होता. ड्युअर रिकामा पडला आणि डिटेक्टर पाच-सहा तास तसाच राहिला, मग लगेच भरला.

सत्त्याहत्तर_केल्विन

मग उत्तर बहुधा त्या पाच-सहा तासांतच आहे. क्रायोस्टॅटमध्ये मॉलिक्युलर सीव्ह असते. थंड असताना ती उरलेसुरले वायू धरून ठेवते. अर्धवट तापली की सोडते, आणि ते वायू तोवर थंडच असलेल्या स्फटिकावर जाऊन बसतात. पुन्हा भरलं की ते तिथेच राहतात.

उपाय: बायस सावकाश शून्यावर आणा, उरलेला नायट्रोजन काढा, डिटेक्टर खोलीच्या तापमानाला पूर्ण येऊ द्या. किमान २४ तास, ४८ दिले तर उत्तम. मग भरा, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेले तास झाल्याशिवाय बायस लावू नका. नंतर रोजची घट १.० किलोवर आणि टेस्ट पॉइंट जुन्या जागी आला तर प्रकरण मिटलं. काही आठवड्यांत पुन्हा चढू लागला तर गळती आहे आणि पंपिंगला (निर्वात पुन्हा काढण्याला) पर्याय नाही.

अशा वाढीवर सरळ रेष टाकून बिघाडाची तारीख काढू नका. सीव्हमध्ये जागा आहे तोवर वाढ मंद असते, ती भरली की एकदम कोसळतं. तारखेपेक्षा सीमा ठेवा. मी रोज उडणाऱ्या नायट्रोजनच्या मूळ वजनाच्या १५ टक्के वर इशारा आणि ३० टक्क्यांवर सर्व्हिसची नोंदणी ठेवतो. रोजच्या घटीवर क्युसम (फरकांची साठत जाणारी बेरीज) चालवायचा असेल तर सूट अर्धा सिग्मा (प्रमाण विचलन) आणि मर्यादा ५ सिग्मा पुरे, साध्या स्प्रेडशीटवर होतं. रुंदीसाठी शिखरात किमान १०,००० काउंट घ्या. रुंदीतली त्रुटी साधारण १ भागिले २एन चं वर्गमूळ (एन म्हणजे काउंट), म्हणजे ०.७ टक्के. १.८२ वर ही ०.०१३ होते, त्यामुळे ०.०५ ची सरक खरी मानता येते. हजार काउंटवर ती दिसलीही नसती.

एक धोका. एंडकॅपवर अचानक जाड बर्फ धरला आणि नायट्रोजन भसाभस उडू लागला, तर निर्वात पुरतं गेलंय. बायस बंद करा आणि खोली सोडा. तापताना सीव्ह धरलेली हवा सोडते आणि आत दाब चढून एंडकॅप उडू शकते, तिच्या समोर उभं राहू नका. एक लिटर द्रवाचे जवळपास ६९० लिटर वायू होतात, तेव्हा ऑक्सिजन मॉनिटर १९.५ टक्क्यांवर वाजलाच पाहिजे.

कंप्रेसरवाला

दुसऱ्या डिटेक्टरबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ६१ वरून ७० वर तो पायरीने गेला की उताराने? एका दिवसात उडी असेल तर फॅन, धुळीने बुजलेला फिल्टर किंवा एसीची बदललेली सेटिंग. हीटसिंकचं तापमान सोबत चढलेलं दिसेल. फिल्टर धुऊन दोन दिवस बघा. खोली तापली तरी ड्राइव्ह वाढतो, म्हणून दर १० मिनिटांनी कोल्ड टिप, ड्राइव्ह, हीटसिंक आणि खोलीचं तापमान हे चार आकडे नोंदवा, आणि ड्राइव्हमधून खोलीचा वाटा वजा करून उरलेलाच आलेखात घ्या.

तरीही महिन्यामहिन्याने चढत असेल तर दोन संशयित उरतात: कूलर थकलाय (हीलियमची गळती, सीलची झीज) किंवा निर्वात उतरल्यामुळे त्याच्यावर उष्णतेचा भार वाढलाय. वेगळे करायची युक्ती साधी आहे. पूर्ण गरम करायची वेळ आलीच की बायस उतरवून कूलर बंद करा आणि कोल्ड टिप किती वेळात किती चढते ते लिहा. त्यात कूलरचा हात नसतो, फक्त भार दिसतो. मग थंड व्हायला किती तास लागले ते लिहा. तापायचा वेग पूर्वीसारखाच पण थंड व्हायला जास्त वेळ, तर कूलर. तापायचा वेगही वाढलेला, तर निर्वात. हे दोन वक्र नव्या डिटेक्टरचे पहिल्याच दिवशी काढून ठेवायचे असतात. तुमच्याकडे नसतील तर कारखान्याच्या चाचणी अहवालात थंड होण्याचा वेळ सापडतो का बघा. नुसती ही चाचणी करायची म्हणून मात्र मध्येच कूलर बंद करू नका, जूनमधलाच प्रकार होईल. वीज गेल्यावर बरेच कंट्रोलर पूर्ण गरम केल्याशिवाय सुरू होत नाहीत, तेही याचसाठी. ही सोय बायपास करणारेही लोक आहेत, तुम्ही करू नका.

किनारपट्टी_लॅब

ड्राइव्ह उतारानेच चढलाय, पण फिल्टर काढला तर राखाडी गोधडी निघाली. तो धुतला. पहिल्याचा बायस आज संध्याकाळी उतरवतो आणि सोमवारपर्यंत तसाच ठेवतो. पंपिंगला पाठवायची वेळ आली तर सोबत काय द्यायचं?

सत्त्याहत्तर_केल्विन

डिटेक्टर खोलीच्या तापमानाला आलेला असला पाहिजे, थंड असताना प्रवास नाही. बेरिलियमची खिडकी असेल तर तिच्यावर टोपी घालूनच. बरोबर पायऱ्यापायऱ्यांचं टेस्ट पॉइंट वाचन, वजनाचा आलेख, दोन्ही रुंद्या शेपिंग टाइमसह, आणि जूनमधल्या त्या रिकाम्या ड्युअरची तारीख. परत आल्यावर दोन आठवड्यांची नवी आधाररेषा काढा, पण जुनी पुसू नका.