डिस्चार्जनंतर सोबतीला कोण हवं?

रंकाळाकर
मनोविकाराच्या वॉर्डातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याचे. नेमकं तेव्हाच हातात गोळ्यांची पिशवी देऊन 'पंधरा दिवसांनी या' म्हणतात. प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला, कोल्हापूरहून आंबा घाट ओलांडून कितीदा जाणार? माझं मत: ज्यानं स्वतः हा आजार काढलाय आणि आता सावरलाय, असा माणूस पहिले दोन-तीन महिने सोबत द्यावा, मानधन देऊन. गुजरातेत सरकारी सेवेत असे स्वयंसेवक नेमले होते. इथल्या सीपीआर रुग्णालयात का नको?

आकडेबहाद्दर
भावा, इंग्लंडात करून झालंय. २०१८ च्या चाचणीत वर्षभरात पुन्हा तातडीच्या उपचारांत जाणारे ३८ वरून २९ टक्क्यांवर आले, हे सगळे मिरवतात. पण ते पेशंट घरी येणाऱ्या पथकाकडचे होते. दवाखान्यातून सुटलेल्यांवरची चाचणी २०२२ ला आली: सोबती असलेले ४७ टक्के परत भरती, नसलेले ५०. म्हणजे काहीच नाही. त्यापेक्षा तालुक्याला गोळ्या मिळू देत.

रंकाळाकर
परत भरती म्हणजे नापास, हे कुणी ठरवलं? झोप उडाली हे सोबत्यानं ओळखलं आणि माणूस आपणहून दाखल झाला, तर वाईट काय झालं?

वॉर्डातली सिस्टर
मला वेगळीच भीती. 'मी गोळ्या सोडल्या, काय झालं नाही' असं सांगणारा भेटला तर? लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्या पेशंटला जुलाब-उलट्या लागल्या की त्याची रक्तातली पातळी चढते, ते जिवावर बेतू शकतं. एवढं तरी शिकवल्याशिवाय कुणाला पाठवू नका. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम ९८ मध्ये, सोडताना पेशंटशी आणि घरच्यांशी पुढच्या उपचारांचं बोलायला सांगितलंय. ते तर आधी नीट होऊ दे! सोबती आणला की ती जबाबदारी त्याच्यावर ढकलणार, बघा.

कागलची ताई
सिस्टर, पटतंय. पण घरच्यांनाही काही कळत नसतं हो. माझा भाऊ आमच्याशी बोलायचाच नाही. 'तुम्हाला काय माहीत' म्हणायचा, आणि खरंच नव्हतं. १४४१६ ला, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लागतो, पण फोन काय घरी येऊन बसत नाही. माझी अट एकच: सोबती गावातला नको. नाहीतर संध्याकाळपर्यंत तालमीत बातमी.

रंकाळाकर
मान्य. कागलला गडहिंग्लजचा देऊ. आणि नको म्हणायचा हक्क पेशंटला.

आकडेबहाद्दर
आणि त्याचं एसटीचं भाडं?