चाळीतील जुना रंग कोरडा घासण्यावर बंदी घालावी का?

जुनी चाळ, गिरगाव:
गणपतीआधी आमच्या मजल्यावर रंगकाम निघाले. रंगाऱ्याने दरवाजाचा जुना ऑइलपेंट कोरड्या पॉलिशपेपरने घासला आणि तासाभरात हिरवट भुकटी गॅलरीतल्या दोरीवरच्या दुपट्यांवर जाऊन बसली. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसे नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी लावलेल्या जुन्या थरांत शिसे नाही, याची खात्री कोण देणार? शिशाची सुरक्षित अशी पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेऊ शकतात. म्हणून कोरडे घासणे चाळीने सरसकट बंद करावे.

लालबागकर:
बंदीला माझा विरोध आहे. देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल २००० साली गेले, तेव्हा कोणी गाडीवाल्याला दम दिला नव्हता; तेल शुद्धीकरण कारखान्यांना वेगळे पेट्रोल बनवावे लागले. सुट्या हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य मिसळले, तर ते गृहिणीला नजरेने कसे कळावे? पितळी पातेल्याच्या कल्हईचेही तेच, कथलात स्वस्त शिसे मिसळले तरी भांडे चकाकतेच. दुकान आणि कारखाना सोडून रोजंदारीवरच्या रंगाऱ्याला धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

कोळीवाडा, माहीम:
कारखान्यावर नियम हवाच, पण २०१७ चा नियम आधीच लावलेल्या रंगाला कसा पोहोचणार? तो आपल्याच दारावर आहे. शिवाय रंगारी दिवसभर ती धूळ श्वासात घेतो आणि तोच शर्ट घालून स्वतःच्या मुलांत परततो, हे त्याची बाजू घेणाऱ्यांनी तरी विसरू नये.

लालबागकर:
शर्टाचा मुद्दा मान्य. मग पाणी मारून घासायला लागणारा जादा दिवस आणि त्याची मजुरी चाळीने द्यावी, नाहीतर बंदी फलकावरच राहील.

जुनी चाळ, गिरगाव:
मजुरी वर्गणीतून देऊ. वॉटरपेपर, खाली प्लास्टिक, शेवटी ओल्या फडक्याने पुसणे, एवढे ठरवून टाकू. झाडू मात्र नको, त्याने बसलेली धूळ पुन्हा उडते. दुपटी मी धुतली, पण गॅलरीत रांगणाऱ्या बाळाची शिशासाठी रक्ततपासणी करून घ्या, असे त्याच्या आईला आजच सांगतो.