३५ हजारात लॅपटॉप, आणि मागच्या खोलीत वायफाय

सातारकर: मुलगी एफवायला गेलीय, बजेट ३५ हजार, दुकानदार १ टीबी हार्डडिस्कवाला दाखवतोय, घेऊ का? आणि घर जुनं, दगडी भिंती, मागच्या खोलीत रेंजच नाही.

काका७२: हार्डडिस्कवाला अजिबात नको हो, एसएसडीच (चिपवर डेटा साठवणारी, हार्डडिस्कपेक्षा खूप फास्ट) घ्या, २५६ जीबी चालेल पण रॅम ८ जीबी हवीच आणि पुढे वाढवता येते का विचारा, काहींत ती बोर्डावरच सोल्डर असते मग काहीच करता येत नाही.

मेघना: वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर जोडून बघा, ५ वाला फास्ट पण भिंतीपलीकडे मान टाकतो. आम्ही शेवटी लॅन केबल मागे ओढून दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून (म्हणजे केबलवरून नेट घेऊन तिथेच वायफाय देणारा) लावला, तेव्हा कुठे लेक्चर नीट चालली.

सातारकर: केबल २५ मीटर लागेल, चालेल?

मेघना: आरामात, १०० मीटरपर्यंत चालते, कॅट६ प्रकारची लॅन केबल घ्या.