डुगाँग आणि समुद्री गवत: पाण्यात अधिक मुरलेले कोण?

प्रश्न
अकरावीच्या वर्गाला अनुकूलन शिकवताना मी डुगाँग, म्हणजे सागरी गाय, आणि ती जे चरते ते समुद्री गवत अशी जोडी घेतली. दोघांचेही पूर्वज जमिनीवरचे. डुगाँगचे आप्त हत्तीच्या कुळातले, आणि गवत तर शैवाल नव्हे, मुळे, फुले व बिया असलेली सपुष्प वनस्पती. सस्तन प्राण्याची तुलना अशा वनस्पतीशी करणे शास्त्राला धरून आहे का? असल्यास पाण्याशी अधिक कोणी जुळवून घेतले?

उत्तर १
तुलना रास्त आहे, कारण दोघांपुढची मुख्य अडचण एकच होती: हवा. डुगाँगची फुप्फुसे सुटली नाहीत, त्यामुळे त्याला दर काही मिनिटांनी नाकपुड्या पाण्याबाहेर काढाव्याच लागतात; तळाशी चरताना शरीर वर उचलले जाऊ नये यासाठी हाडे मात्र भरीव आणि जड झाली. गवताने पर्णरंध्रेच टाकून दिली. २०१६ मध्ये झोस्टेरा मरीना या जातीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, प्रसिद्ध झाला, तेव्हा पर्णरंध्रे घडवणारी जनुकेही नाहीशी झाल्याचे दिसले. पातळ पानाच्या पृष्ठभागातून वायू थेट आत येतात आणि आतल्या पोकळ्यांमधून प्राणवायू चिखलातल्या मुळांपर्यंत पोहोचतो. माझा कौल गवताला.

उत्तर २
श्वासापुरते हे मान्य, पण प्रजननाचे काय? एनहॅलस अ‍ॅकोरॉइडिस ही जात अंदमानात आढळते. तिची तांदळाच्या कणीएवढी पांढरी नर फुले तळाशी देठापासून सुटतात, पृष्ठभागावर येऊन तरंगतात आणि लांब देठावर वर आलेल्या मादी फुलाला जाऊन चिकटतात. (बहुतेक जातींचे परागण पाण्याखालीच होते, हे वर्गात जरूर सांगावे.) उलट डुगाँगचे मीलन, प्रसूती आणि स्तनपान हे सारे पाण्यातच होते, मादीचे स्तनाग्र वल्ह्यासारख्या पुढच्या पायाच्या बगलेत असते.

उत्तर ३
वर सांगितलेली फुप्फुसांची मर्यादाच आज डुगाँगच्या जिवावर उठली आहे: जाळ्यात अडकला की तो वर येऊ शकत नाही आणि चक्क बुडून मरतो. म्हणूनच तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र घोषित केले, तेही गवताच्या कुरणांसह. डुगाँग गवत मूलक्षोडासकट, म्हणजे तळाखालच्या आडव्या खोडासकट, उपटतो आणि तळावर चरल्याचे पट्टे सोडत जातो. मात्र ऑस्ट्रेलियात त्याच्या विष्ठेत या गवताच्या रुजू शकणाऱ्या बियाही सापडल्या आहेत.