अनुभव धागा : गोंधळ, जागरण, शाहिरी समोर बसून ऐकताना

कार्यक्रम कुठे होता, कोण आलं होतं, ते नको. बसायचं कुठे, ऐकायचं काय, बिघडतं काय, तेवढं लिहा.

*

हलगी (काड्यांनी वाजवायचं डफासारखं चामड्याचं वाद्य) असेल तर अर्धा तास आधी पोचा. दमट हवेत कातडं सैल पडतं, मग थाप कडक न येता भद्द येते. म्हणून सुरुवातीआधी हलगी जाळावर शेकतात, तीही सतत फिरवत. एका जागी धरली तर कातडं करपतं. पावसाळ्यात मधेच पुन्हा शेकावी लागते, तेव्हा कार्यक्रम थांबला म्हणून उठू नका. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात बारीक काडी. त्या बारीक काडीची फरफर ऐकू येत नसेल तर तुम्ही फार लांब बसलायत.

*

गोंधळात पहिल्या रांगेत मधोमध बसणं म्हणजे निव्वळ संबळ ऐकणं. संबळ म्हणजे चामडं ताणलेली दोन भांडी, एक खर्जाचं, एक चढं; काड्यांनी वाजवतात, चढ्यावरून टणका येतो. त्याखाली तुणतुणं पार बुडतं. १०-१५ फूट मागे, तुणतुणेवाल्याच्या बाजूला सरका. तुणतुण्याला एकच तार, पण गायकाचा सूर तिच्यावर टेकलेला असतो. खुंटी सैल होऊन तार उतरली की मागचे झीलकरीही (मागून सूर धरणारे साथीदार) उतरतात. दोन पदांच्या मधे तुणतुणेवाल्याचा हात खुंटीवर गेला, की समजा त्याच्या कानाने आधीच पकडलंय.

*

बाजू धरून बसायचा वरचा सल्ला खंडोबाच्या जागरणाला लागू नाही. वाघ्या-मुरळी फिरत नाचतात, बाजू बदलत राहते. तिथे दिमडी (छोटं डफासारखं वाद्य) आणि मुरळीच्या हातातली घाटी (घंटा) यांची जुगलबंदी ऐका. लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडणं शेवटी असतं. रात्रभर जमत नसेल तर उशिरा या, पण तेवढं चुकवू नका.

*

साउंडवाल्यांना हात जोडून : हलगी-संबळाला माईक नको! आधीच तो आवाज अंगावर येतो. एक माईक गायकाला, एक तुणतुण्यापासून वीतभर. कर्ण्याचं (लाउडस्पीकरचं) तोंड माईककडे असेल तर शिट्टी वाजणारच. आणि इको बंद. पोवाड्यात शब्द भराभर येतात, इकोने एकावर एक चढतात, मग लढाई कोण जिंकलं तेही कळत नाही.

*

मोबाइलवर रेकॉर्ड करताना वाद्यापासून लांब, गायकाच्या बाजूला उभे राहा. जवळून थाप फाटते, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

*

गोंधळाचा पूर्वरंग, म्हणजे देवतांना आवाहन, संपला की बरेच लोक उठतात. खरी गंमत उत्तररंगात, आख्यानात. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, कथा पुढे नेतो आणि साथीदार मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारून त्याला अडवतो. पुढच्या कथेचा धागा बहुतेक वेळा त्या प्रश्नातच असतो, तेव्हा हसण्याच्या भरात तो सुटू देऊ नका. बक्षीस द्यायचं तर पद संपल्यावर द्या. मधेच नोट पुढे केली की गायक नाव पुकारायला थांबतो आणि चढलेली लय बसते.