मदत हवी आहे: 'लेट द राइट वन इन'मधल्या एलीच्या मनात नेमकं काय आहे?

नमस्कार मंडळी. टोमस आल्फ्रेडसनचा २००८ चा हा स्वीडिश चित्रपट काल दुसऱ्यांदा पाहिला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. (शेवटाबद्दल लिहितेय, पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.)

शाळेत रोज मार खाणारा १२ वर्षांचा ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली एली, जी माणसांच्या रक्तावर जगणारी व्हॅम्पायर आहे. ती स्वतःच म्हणते की ती मुलगी नाही, त्यामुळे मराठीत 'ती' लिहितानाही मी अडखळतेय.

अडलंय ते होकानपाशी. एलीसाठी माणसं मारणारा हा प्रौढ माणूस तिला विनवतो, आज रात्री त्या मुलाला भेटू नकोस. एली काही बोलत नाही, नुसता त्याच्या गालावर हात ठेवते. पहिल्यांदा मला तो हात मायेचा वाटला होता. काल तो निरोपाचा वाटला. होकानही कधीकाळी असाच एकटा मुलगा होता का? मग ऑस्कर म्हणजे पुढचा होकानच?

पण तसं म्हणावं, तर बोलावल्याशिवाय घरात शिरण्याचा प्रसंग आड येतो (व्हॅम्पायरला आमंत्रणाशिवाय आत यायची मुभा नसते). ऑस्कर मुद्दाम 'ये' म्हणत नाही. एली आत येते आणि डोळ्यांतून, कानांतून, अंगभर रक्त ओघळायला लागतं. ज्याला फक्त वापरायचंय, त्याच्यासाठी कुणी एवढं सोसेल का? की उंबरठा हे इथे विश्वासाचं प्रतीक आहे?

आणि शेवटी आगगाडीत, एली लपलेल्या पेटीवर बोटांनी दिलेले ते मोर्सचे (सांकेतिक लिपीतले) ठोके: तुम्हाला ते सुटका वाटतात की सापळा? कुठल्या प्रसंगावरून, तेही सांगा.