आदल्या रात्रीची उतरवताना: घरगुती उपाय, मापासकट

हँगओव्हरवर नैसर्गिक उपाय खूप ऐकू येतात. जाणकारांनी इथे लिहावं, पण 'अमुक घ्या, बरं वाटतं' एवढ्यावर थांबू नये. किती, कधी, कुणी टाळावं, तेही लिहा.

---

आधी पाणी. दारूमुळे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दबतं, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत आणि सकाळी तोंडाला कोरड पडते. उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, साखर ६ सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा ५ मिलीचा, शीग लावून भरलेला नको. मीठ वाढलं तर उलटी होते आणि शरीराला अपायही. साखर वाढली तर आतडं पाणी ओढून घेतं आणि जुलाब लागतात.

पिण्याची पद्धतही महत्त्वाची. दर ५ मिनिटांनी दोन-तीन घोट. पेला एका दमात रिकामा केला की चिडलेलं पोट तो परत पाठवतं. उलटी झालीच तर १० मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा. लघवी फिकट पिवळी झाली की पुरे. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

---

वरच्याशी सहमत. त्यात लिंबू मात्र लगेच पिळू नका. जठराचं अस्तर आधीच दुखावलेलं असतं, उपाशीपोटी आंबट गेलं की जळजळ वाढते. पोटात काहीतरी गेल्यावर चालेल.

---

हात थरथरणं, घाम, चिडचिड यात साखर उतरल्याचाही वाटा असू शकतो. यकृत दारूचा निचरा करत असताना नवं ग्लुकोज बनवण्याचं काम मागे पडतं. कोरडा टोस्ट, मऊ भात, केळं, यातलं काहीही थोडं थोडं खा. तेलकट खाऊन दारू 'शोषली' जाते हा गैरसमज आहे. ती केव्हाच रक्तात गेलेली असते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी अंदाजावर राहू नये. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं.

---

मळमळीला आलं. इंचभर तुकडा ठेचून कपभर पाण्यात १० मिनिटं मंद आचेवर, गाळून कोमट प्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नको.

---

कुणीतरी 'उतारा' सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. सकाळी थोडी घेतली की बरं वाटतं हे खरं आहे. ब्रँडी, रेड वाइन यांत किंचित मिथेनॉल असतं. त्याचं फॉर्मिक आम्लात रूपांतर करणारी साखळी जे विकर सुरू करतं, तेच इथेनॉललाही लागतं. नवी दारू आली की विकर तिच्यात गुंततं आणि त्रास पुढे ढकलला जातो. ढकलला जातो, टळत नाही. शिवाय रोज उताऱ्याची सवय हीच व्यसनाची पायरी.

---

कॉफी, गार पाण्याची अंघोळ, घाम गाळणं यांपैकी कशानेही दारू लवकर उतरत नाही. रक्तातलं प्रमाण तासाला साधारण ०.०१५ टक्क्याने घटतं, माणसागणिक थोडं कमीजास्त. रात्री १ वाजता ०.१५ असेल तर शून्यावर यायला सकाळचे ११ वाजतात. तोवर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. रोज कॉफी पिणाऱ्याने ती अजिबात न घेतल्यास डोकेदुखीत भर पडते, त्यामुळे छोटा कप ठीक.

---

थोडं विषयाबाहेर: डोकं ठणकतं म्हणून पॅरासिटामॉल घेऊ नका, यकृतावर दुहेरी ताण येतो. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन पोटाला झोंबतात.

आणि हे हँगओव्हर नव्हे: हलवूनही जाग न येणं, मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास, ओठ निळसर, झटके, उलटीत रक्त. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, रुग्णवाहिका बोलवा. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवल्यावर कंप किंवा भास सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

---

झोपेचं काय? आठ तास झोपूनही अंग आंबलेलं राहतं ना?

---

कारण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटक होते, स्वप्नांची झोप विस्कटते. दुपारी अंधाऱ्या खोलीत तास-दीड तास पुन्हा झोपा. आम्ल वर येत असेल तर उशाकडची बाजू उंच करून डाव्या कुशीवर.